अक्का सेटिंग

नांदेडात माझ्याकडे लग्नाआधीचे फोटो काढायला येणारं प्रत्येक जोडपं हल्ली एकच मागणं मागतं. मॅडम, जुन्या रिळासारखे पाहिजेत. रीळ म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही धड ठाऊक नसतं. ही मंडळी शाळेत जायला लागली तेव्हा रीळ धुणारी दुकानं झेरॉक्स काढायला लागली होती. पण मोबाइलवर कुठंतरी त्यांनी ते बघितलेलं असतं. सगळं दुधाळ, ऊन पिवळसर, नाक-डोळे हवेत विरघळल्यासारखे. आणि तसंच त्यांना इस्लापूरच्या धबधब्यापाशी उभं राहून पाहिजे असतं, मग धबधब्याला पाणी असो नसो.

मी देते. पोटाचा प्रश्न आहे, आणि हे काम मला गावातल्या इतरांपेक्षा बरं जमतं हे मी कुणाची भीड न धरता सांगते. बाकीचे लोक फोटो काढतात आणि मग घरी कॉम्प्युटरपुढं बसून त्याला रंगरंगोटी करतात. मला तो उद्योग आवडत नाही. जे करायचं ते मी कॅमेऱ्यातच करून टाकते. उजेड गरजेपेक्षा जरा जास्त घ्यायचा. हायलाइट खाली ओढायचा, म्हणजे पांढरं भगभगत नाही. सावल्या उचलायच्या, म्हणजे काळ्याचं करडं होतं. शार्पनेस तळाला न्यायचा. व्हाइट बॅलन्समध्ये लाल थोडा वाढवायचा, निळा बराच कमी करायचा, की चेहऱ्यावर हळदीचा हात फिरल्यासारखा रंग येतो. वरून बारीक दाणा, ज्याला ग्रेन म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे क्लॅरिटी, ती उणे करायची. क्लॅरिटी उणे केली की माझा कॅमेरा दर फोटोनंतर क्षणभर अडतो. पुढचा फोटो घेऊ देत नाही. तेवढ्या वेळात तो आत बसून माणसाच्या तोंडावरच्या खुणा पुसत असतो. मुरुम, कांजिण्यांचे व्रण, ओठाच्या कडेची रेघ, डोळ्यांखालचं जागरण. फोटो फार सुंदर येतो. इतका सुंदर की तो कुणाचाही असू शकतो.

हे सगळं आकडे लावून कॅमेऱ्यात साठवून ठेवता येतं आणि त्याला नावही देता येतं. मी त्याला नाव दिलंय 'अक्का'. नांदेडच्या फोटोवाल्यांत हे नाव आता माझ्यापेक्षा जास्त चालतं. बाहेरगावच्या लग्नात भेटले की पोरं विचारतात, मॅडम, ते अक्का सेटिंग आम्हाला पण द्या की. एकदा धर्माबादच्या एका लग्नात एकानं विचारलं, अक्का म्हणजे कोण, तुम्हीच का? मी हो म्हणाले. तो हसला. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, पण ते त्याला सांगून काय उपयोग.

अक्का ही माझी थोरली बहीण. आमच्यात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, लातूर-उदगीरच्या बाजूच्या पुष्कळ घरांत म्हणतात. किल्लारीच्या पट्ट्यात आमचं गाव होतं आणि गावात वडिलांचं किराणा दुकान. भूकंपाच्या आदल्या दिवशी आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन लातूरला मामाकडे गणपती विसर्जन बघायला गेली होती. अक्काला नेलं नाही. वडिलांना भाकरी कोण घालणार? थोरली म्हणून ती राहिली. वडील नेहमीसारखे दुकानापुढच्या ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. अक्का आत झोपली होती. घर दगडमातीचं होतं. यापुढं मी त्या सकाळचं काही सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ झाले, आणि कॅमेरे घेऊन आलेले तर त्याहून जास्त.

एक मात्र सांगावं लागेल. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. बसवून, विभूती लावून, नीट. मग वर्षावर्षाला तिथं जाता येतं, नैवेद्य ठेवता येतो. त्या आठवड्यात पाऊस लागलेला, गावभर चिखल, आणि पुरायला हात तरी कुणाचे मोकळे होते? पडलेल्या घरांच्या तुळया रचून सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. जातपात, चालरीत, सगळं एका ढिगात. आई पोहोचली तेव्हा राख होती. तिला अक्काचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि जिथं जाऊन बसावं अशी जागाही उरली नाही. घरातली ट्रंक, तिच्यातले कपडे, जत्रेत काढलेला आम्हा सगळ्यांचा एक फोटो, तेही ढिगाऱ्यात गेलं. म्हणून आईला फोटो पाहिजे होता. डोकं टेकायला काहीतरी पाहिजे होतं. आज मला ते कळतं. कळतं म्हणून राग जातो असं काही नाही.

लातूरला गंजगोलाईच्या एका बोळात एक स्टुडिओ होता. त्या दिवसांत तिथं आमच्यासारखेच लोक येऊन बसायचे. ज्यांचं माणूस गेलं आणि ज्यांच्याकडे त्याचा फोटोही नाही असे. कुणी सुचवलं देव जाणे, पण तोडगा निघाला होता. गेलेल्या माणसासारखा दिसणारा घरातला माणूस आणायचा, आणि त्याला गेलेल्याच्या जागी बसवायचं. आमच्या आधी एक म्हातारा धाकट्या भावाच्या नावानं बसून गेला. त्यासाठी त्यानं मिशी काढली होती. एका बाईनं जावेसारखा आडवा भांग पाडला होता आणि ती स्टुडिओतल्या आरशात बघून, जाऊ आणखी कुठं कशी होती ते नवऱ्याला विचारत होती. कुणी हसत नव्हतं. मला मात्र हसू येत होतं, बारा वर्षांची होते मी.

स्टुडिओवाल्यानं आईला विचारलं, ही सख्खी बहीण ना? आई हो म्हणाली. तो म्हणाला, "मग काही चिंता न्हाई. जरा धूसर करतो. धूसर केलं की कुणीबी होतंय."

मी एक वेणी घालायचे, अक्का दोन घालून वर रिबिनीनं बांधायची. आईनं माझ्या दोन घातल्या. इतक्या ओढून घातल्या की डोळे ताणले गेले. मामीची ओढणी खांद्यावरून घेतली. कपाळाला विभूतीचे पट्टे. स्टुडिओवाल्यानं भिंगापुढच्या काचेला बोटानं व्हॅसलीन फासलं, कडेनं जाड, मधे पुसट. मग तो मला म्हणाला हलू नको आणि आई म्हणाली हसू नको, अक्का फोटोत हसत नव्हती. जत्रेतल्या फोटोत अक्का हसत होती. दात दाखवून हसत होती, आणि वडील तिला त्यावरून चिडवायचे. मी ते बोलले नाही. त्या दिवसांत आईला कुणी काही बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

फोटो मोठा करून, चौकटीत घालून आला. आईनं त्याला हार घातला आणि काचेवर, कपाळाच्या जागी, विभूती लावली. मी तो बघितला आणि आत पळत जाऊन मामीच्या आरशात माझ्या कपाळाला काही लागलंय का ते बघितलं. मला फार भीती वाटली होती. आपल्याला हार घातलाय, म्हणजे आता आपलं काय होणार, एवढंच डोक्यात होतं. ते कुणाला सांगावं हे कळलं नाही, आणि पुढं सांगण्याची वेळही निघून गेली.

पहिल्या वर्षी आई त्या फोटोला अक्का म्हणताना अडखळायची. दुसऱ्या वर्षी अडखळली नाही. भावाला तर तेव्हा काही उमजायचं वयच नव्हतं, तो त्यालाच अक्का म्हणत मोठा झाला. नवे शेजारी यायचे, फोटो बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, दोघी बहिणी किती सारख्या! त्यावर आई मान हलवायची. छे, अक्का गोरी होती. अक्का माझ्याहून सावळी होती. ती फोटोतली गोराई व्हॅसलीनची आणि जास्त घेतलेल्या उजेडाची, पण आई ते ठामपणे सांगायची आणि मी तिथंच उभी असायचे. माझ्याच तोंडापुढं माझं तोंड कमी पडायचं. अक्का किती शांत होती, बघा ना डोळे. हिचं आपलं सदा कपाळावर आठ्या. त्या शांत डोळ्यांत मी हसू दाबून बसले होते, हे आई विसरून गेली होती.

वडिलांनी गाव सोडलं आणि लातूरला येऊन पुन्हा दुकान टाकलं. ज्या बाजूला टाकलं तिथं पुढं क्लासवाल्यांची वस्ती वाढली. आधी एक क्लास, मग दोन, मग गल्लीच्या गल्ली. बघता बघता आमच्या घरावर मजले चढले आणि खोल्या खोल्यांतून बाहेरगावच्या मुली राहायला आल्या. नांदेड, परभणी, हिंगोली, कुठून कुठून. डॉक्टर व्हायला निघालेल्या. आई त्यांची खाणावळ चालवायची. भूकंपानं आमचं होतं ते नेलं आणि क्लासनी त्याच्या कितीतरी पट आणून दिलं, असं नातेवाईक म्हणायचे. म्हणू देत.

समोरच्या खोलीत जिथं मुली जेवायला बसायच्या, तिथं भिंतीवर अक्का. मुली विचारायच्या आणि आई सांगायची. दरवर्षी नव्या मुली, दरवर्षी अक्का थोडी वाढायची. आधी ती अभ्यासात बरी होती. मग हुशार झाली. मग वर्गात पहिली यायची. मग राहिली असती तर डॉक्टर झाली असती. अक्कानं सातवीत शाळा सोडली होती. गणितात दोनदा आपटी खाल्ली आणि वडिलांना म्हणाली, मला दुकानात बसवा, मी तोंडी हिशेब करते. आणि करायची. पण ती अक्का आईला आता उपयोगाची नव्हती. एका वर्षी एक मुलगी पेपरला जाताना फोटोच्या पाया पडली आणि तिला चांगले मार्क पडले. झालं. तेव्हापासून पेपरच्या सकाळी रांग लागायची. माझ्या बारा वर्षांच्या तोंडापुढं हात जोडून मुली मेडिकलला जायला लागल्या. मीही बारावीला सायन्सच घेतलं होतं, आईच्या हट्टानं. मीही त्या सकाळी हात जोडले, न जोडून करते काय! मार्क इतके पडले की वडिलांनी निकाल कुणाला सांगितलाच नाही. आई फोटोकडे बघून म्हणाली, तू असतीस तर. हे वाक्य ऐकताना माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शमलेला नाही.

वडील त्या फोटोकडे कधीच बघत नसत. चहा प्यायचा तर पाठ करून बसायचे. मला वाटायचं त्यांना सोसत नाही. एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "तिकडं बघितलं की ती जाती गं." मला तेव्हा अर्थ लागला नाही. काही वर्षांनी ते गेले आणि त्यांच्याबरोबर जे गेलं ते आता कुठूनच आणता येणार नाही.

माझं लग्न नांदेडात झालं, ते नेमकं एका स्टुडिओवाल्याशी. नशिबाला विनोद कळतो असं मी तेव्हा म्हणायचे. काम मी त्याच्याकडेच शिकले, आणि डिजिटल आल्यावर त्याच्याही पुढं गेले. एका रिकाम्या दुपारी मला वाटलं, तो फोटो या कॅमेऱ्यात येतो का बघू. भिंतीवरच्या अक्काचा फोटो मला पाठ होता. काचेचं व्हॅसलीन म्हणजे किती क्लॅरिटी, जुन्या कागदाचा पिवळेपणा म्हणजे किती निळा कमी, त्या दिवशीच्या खिडकीचा उजेड म्हणजे किती वर. आकडे फिरवत बसले. समोर आरसा लावून स्वतःवरच करून बघत होते. दिवेलागणीला ती आली. हुबेहूब. चाळिशीला टेकलेल्या बाईच्या तोंडावरून कॅमेऱ्यानं सगळं पुसून काढलं आणि खाली ती गोरी, शांत अक्का निघाली. मी ते आकडे साठवले आणि नाव टाकलं. सूड म्हणून टाकलं. आता मीही कुणालाही अक्का करू शकत होते.

आणि केलंही. जोडपी तर केलीच, पण क्लासवालेही माझ्याकडे यायला लागले. निकाल लागला की चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे मोठे फलक लागतात ना, त्यातले चेहरे. दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलेली ती मुलं फोटोला यायची तेव्हा त्यांच्या तोंडावर रया नसायची. मी अक्का लावायचे. फलकावर सगळी टवटवीत आणि सगळी एकसारखी. क्लासवाले खूश.

गेल्या पावसाळ्यानंतर भावाचा फोन आला. समोरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती आणि चौकटीत पाणी शिरलं होतं. फोटोला बुरशी धरली होती. आई जेवत नाही, तू कॅमेरा घेऊन ये, असं तो म्हणाला. मी एसटीनं लातूरला गेले ते एका विचारानं, की जुन्या फोटोचाच फोटो घेऊ, बुरशी काढून टाकू, नवी प्रत देऊ. घरी जाऊन चौकट उतरवली आणि पाहिलं तर तोंडाचा एक अख्खा गाल गेला होता, नाकापर्यंत. तिथं नुसतं करड्या रंगाचं फूल. वरून काढण्यासारखं काही खाली उरलंच नव्हतं. सोडून द्यायचं असतं तर ती वेळ तीच होती. मला आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलंही.

आईनं आधीच सगळं ठरवलं होतं. ती म्हणाली, नवाच काढ. पोरगी बसंल.

पोरगी म्हणजे भावाची मुलगी. अकरावीला, क्लासला जाणारी, घरची एकुलती. ती अक्कासारखीच दिसते असं घरात सगळे म्हणायचे. फोटोतल्या अक्कासारखी, म्हणजे माझ्यासारखी, आणि त्यात नवल काय, भाची आहे माझी. भावाला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या दृष्टीनं हा एका फोटोवरून दुसरा बनवायचा प्रकार होता, मॉडेल म्हणून मुलगी बसायची, एवढंच. भाचीला तर मजा वाटत होती. आत्या, ते तुझं अक्का सेटिंग लावशील ना, माझ्या मैत्रिणींना लई आवडतं. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला वाटलं, कुणीतरी मधेच थांबेल. कुणी थांबलं नाही.

रविवारची सकाळ होती. मुली क्लासच्या परीक्षेला गेल्या होत्या, घर रिकामं होतं. खिडकीपाशी स्टूल ठेवलं. आईनं भाचीला पुढं बसवलं आणि तिच्या दोन वेण्या घालायला घेतल्या. हात म्हातारे झाले होते, पण ओढ तशीच होती. पोरीचे डोळे ताणले गेले. कपाळाला विभूती लावली. भाची मोबाइलमध्ये बघून हसली, तर आई म्हणाली, हसू नको. अक्का फोटोत हसत नव्हती.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होते. अक्का लावलेलीच होती. बटण दाबलं की त्या पडद्यावरून माझ्या भाचीचे मुरुम जाणार होते, रात्र रात्र जागून आलेली काळी वर्तुळं जाणार होती, उजव्या भुवईपाशी लहानपणी सायकलवरून पडल्याची जी खूण आहे, ती जाणार होती. पोर राहणार नव्हती. या पोरीला उद्या हार घालणार. ती रोज त्याखाली बसून जेवणार. पेपरच्या सकाळी दुसऱ्यांच्या मुली तिच्या पाया पडणार, आणि तिला कमी मार्क पडले तर तिला तिच्याच तोंडाकडे बोट दाखवून ऐकवणार. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की बटणावर बोटच जाईना.

मी कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाले, "भिंतीवर होती ती अक्का नव्हती. ती मी आहे."

भाऊ म्हणाला, काय बोलायलीस. मग त्यानं आईकडे बघितलं. मी गंजगोलाईतला स्टुडिओ सांगितला, मामीची ओढणी सांगितली, व्हॅसलीन सांगितलं. भाचीच्या तोंडावरचं हसू उतरलं. मला वाटलं होतं आई चिडेल, नाकबूल करेल, रडेल. त्यातल्या कशालाही उत्तर द्यायची माझी तयारी होती. बरीच वर्षं तयारी चालली होती.

आई म्हणाली, "खरं हाय. हीच बसली होती." तिनं पोरीच्या वेणीची रिबीन नीट केली. "तिचं तोंड मला येत न्हाई आता. लई दिवस झाले. डोळे मिटले की ह्यो फोटोच येतो. तुला येतंय का? सांग की कशी होती."

मी तोंड उघडलं. इथं तरी मी आईच्या पुढं असेन अशी माझी खात्री होती. ती सावळी होती, हसायची तेव्हा दात दिसायचे, हे मला माहीत होतं, इतकी वर्षं मनातल्या मनात घोकत आले होते. पण ते नुसतं माहीत होतं, दिसत काहीच नव्हतं. तिचे पिठाचे हात आले. दुकानात बसून तोंडी हिशेब करतानाचा तिचा आवाज आला. पाठमोरी आली. तोंड वळवलं की ती गोरी आणि शांत. माझाच चेहरा, धूसर केलेला. माझ्या बहिणीला एकदा घरानं मारलं, आणि मग उरली होती तीही आम्ही सगळ्यांनी मिळून, रोज हार घालून घालून, पुसून टाकली. वडिलांना ते कळलं होतं, म्हणून ते पाठ करून बसायचे.

"मलाही येत नाही," मी म्हणाले.

"मंग काढ की हिचा," आई म्हणाली. "काय फरक पडतोय आता."

तिच्या बाजूनं हे बरोबरच होतं. कुणाचंच तोंड खरं नसेल तर ह्या पोरीचं का नको? तिला भिंतीवर कुणीतरी पाहिजे होतं. मला तिची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मी सांगितलं, हिचा मी काढणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही काढू देणार नाही. बसायचंच असेल तर मी बसते. अक्का असती तर तीही म्हातारपणाकडे झुकली असती, कायम पंधराची थोडीच राहिली असती.

भाची स्टुलावरून पटकन उठली. मी कॅमेरा तिच्या हातात दिला, पण त्याआधी अक्का काढून टाकली. क्लॅरिटी शून्यावर, उजेड जेवढा आहे तेवढा, रंग जसेच्या तसे. कुठं दाबायचं ते तिला दाखवलं आणि स्टुलावर जाऊन बसले. आईनं माझ्या केसांना हात लावला नाही. विभूतीही लावली नाही. मला हसू नको असंही कुणी म्हणालं नाही, तरी मी हसले नाही. भाचीनं फोटो काढला. कॅमेरा अडला नाही, लगेच मोकळा झाला.

पडद्यावर मी होते. चष्म्यानं नाकावर पडलेले खळगे, भांगातले पांढरे केस, कपाळावरच्या आठ्या, ओठाच्या कडेची खाली गेलेली रेघ, हनुवटीवरचा केस. एकही गोष्ट कॅमेऱ्यानं सोडली नव्हती. मी कॅमेरा आईपुढं धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे केला आणि पुष्कळ वेळ बघितलं. माझ्याकडे तिनं एवढा वेळ कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मग तिनं तो परत दिला. "ह्यो नको," ती म्हणाली. "ही तर तू हाईस."

"मग लाव की. माझा म्हणून लाव."

"तुझा कशाला लावू भिंतीला? तू हाईस की."

मी कॅमेरा बंद केला. मी आहे, हे आईच्या तोंडून ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते हे मला तेव्हा कळलं. आणि तिनं ते सांगितलं, ते मला नको म्हणताना.